वालचंदचे मार्क इथे मोजत नाहीत

एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया
16 नोव्हेंबर 2025

प्रिय वैदू,

परवा फोनवर, मी आता डॉक्टर व्हायचं ठरवलंय हे ऐकून "अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?" विचारलंस, तेवढ्यात तुझ्या ओपीडीत कुणाचं तरी पोर रडायला लागलं आणि फोन कट. बरंच झालं. फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं. आज रविवार, अमोल ईराला घेऊन पोहायच्या क्लासला गेलाय आणि मी चहा दुसऱ्यांदा गरम करून बसलेय. लांबलचक लिहिणार आहे. संध्याकाळची ओपीडी संपली की वाच, पण वाच.

आधी इथली पद्धत सांगते, कारण तुला ती माहीत असायचं काही कारण नाही. आपल्या वेळी बारावी, सीईटी (आता नीट) आणि थेट एमबीबीएस. इथे आधी चार वर्षांची डिग्री, मग मेडिकलची चार वर्षं, मग रेसिडेन्सी, म्हणजे आपल्या पीजीसारखं हॉस्पिटलात काम करत शिकणं. डिग्री कशातली का असेना, इतिहासातली चालते, संगीतातली चालते. पण काही विषय झालेलेच लागतात. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स प्रत्येकी एक वर्ष, तेही लॅबसकट. त्यावर बायोकेमिस्ट्री, आणि बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, इंग्रजी. आता ज्यांना तिशीत साक्षात्कार होतो की आपल्याला खरं तर डॉक्टर व्हायचं होतं, त्यांनी हे विषय कधी करायचे? त्यांच्यासाठी डिग्रीनंतरचे कोर्स असतात, त्यांना पोस्टबॅक म्हणतात. वकील येतात, बँकवाले येतात, व्हायोलिन वाजवणारेसुद्धा येतात. त्यातही दोन जाती आहेत. एक आमच्यासारख्यांची, ज्यांनी हे विषय केलेच नाहीत. दुसरी ज्यांनी केले पण मार्कांची वाट लावली, त्यांना रेकॉर्ड सुधारायचं असतं. दोघांचे कोर्स वेगळे. हे कळायलाच मला एक महिना लागला.

तू ब्रिन मॉरचं नाव काढलंस, म्हणजे अमोलनं तुला सांगितलेलं दिसतंय. हो, ते आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि हो, मी बघून आले. मुलींचं जुनं कॉलेज, 1885 सालचं. पोस्टबॅक 1972 पासून चालवतात, त्यात पुरुषही असतात. उन्हाळ्यात सुरू, पुढच्या मे महिन्यात संपलं, एका वर्षात सगळं आटोपतं. ऑक्टोबरात गेले होते, झाडं लाल-पिवळी झालेली, दगडी इमारती, त्यात हातात कॉफी घेऊन फिरणारी चोवीस-पंचवीस वर्षांची पोरं. खरं सांगू? मोह झाला. त्यांच्याकडे लिंकेज म्हणून प्रकार आहे. त्यांचा काही मेडिकल कॉलेजांशी करार असतो. तुमचे मार्क ठरलेल्या आकड्याच्या वर राहिले तर मधलं एक वर्ष वाचतं, थेट आत. एरवी इथे जूनमध्ये अर्ज करायचा, हिवाळाभर मुलाखती द्यायच्या आणि पुढच्या ऑगस्टला कॉलेज सुरू, म्हणजे एक अख्खं वर्ष हवेत. बाल्टिमोरजवळचं गाउचर, कॅलिफोर्नियातलं स्क्रिप्स, यांच्याकडेही लिंकेज आहे. पण त्या वाटेनं जायचं तर एकाच कॉलेजला शब्द द्यावा लागतो, चार ठिकाणी अर्ज टाकून बघू असं करता येत नाही. आणि ते कॉलेज दुसऱ्या राज्यात निघालं तर ईराची शाळा, अमोलची नोकरी, हे घर, सगळं उचलायचं? ज्याच्या मागे सुटकेस सोडून काही नाही त्याच्यासाठी लिंकेज म्हणजे लॉटरी आहे. मला ते मधलं वर्ष पगाराचं वर्ष म्हणून हवंच आहे.

आणि एक गंमत ऐक. या कोर्सांच्या जाहिरातीत शेकडा नव्वद, शेकडा पंचाण्णव विद्यार्थी मेडिकलला लागले असे आकडे असतात. ते वाचलं आणि मला आपल्या सांगलीच्या क्लासचा विश्रामबागच्या चौकातला फ्लेक्स आठवला. पन्नास फोटो, प्रत्येकाच्या खाली मार्क, वर सरांचा सगळ्यात मोठा फोटो. 'बी' बॅचमधल्या एकाचाही फोटो त्यावर नसायचा, आठवतंय? दिवाळीनंतर ज्यांनी क्लास सोडला ते तर हिशेबातच नाहीत. इथेही तेच, फक्त फ्लेक्स नाही. पुष्कळ ठिकाणी कॉलेजची कमिटी विद्यार्थ्याच्या नावानं एक शिफारसपत्र देते. ज्याचे मार्क घसरले त्याला कमिटी पत्र देत नाही, किंवा त्याला आधीच गोड बोलून बाहेर काढलं जातं. मग शेकडेवारी कशाची? पत्र मिळालेल्यांची. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत गेले, पहिल्या दिवशी वर्गात किती जण होते? दोन ठिकाणी सरळ उत्तर मिळालं. बाकीच्यांनी माहितीपत्रक ईमेल केलं.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मला या माहितीपत्रकांमध्ये कुठेच सापडली नाही. माझे मार्क मोजतच नाहीत गं. इथल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांचा अर्ज ॲमकास नावाच्या एकाच यंत्रणेतून जातो. ती यंत्रणा अमेरिका आणि कॅनडातल्या कॉलेजांचे मार्क तपासून जीपीए, म्हणजे सरासरी काढते. परदेशी कॉलेज अर्जात नुसतं लिहायचं, बास. वालचंदच्या इंजिनीअरिंगची चार वर्षं, ती मॅथ्स-थ्रीची सबमिशनं, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन म्हणून बाबांनी वाटलेले पेढे, इथे त्या सगळ्याची किंमत शून्य. ना चांगलं, ना वाईट. इथे केलेल्या मास्टर्सचे मार्क मोजतात, पण ते वेगळ्या रकान्यात, बॅचलरच्या जीपीएत येत नाहीत. म्हणजे अडतीसाव्या वर्षी माझी पाटी कोरी. दोन दिवस मी याच्यावर चिडले, तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सेकंड इयरची एम-थ्रीची केटीसुद्धा पुसली गेलीय.

एका कॉलेजच्या सल्लागार बाईंना भेटले. त्यांनी माझी कागदपत्रं चाळली, म्हणाल्या, तुम्ही फर्स्ट इयरला अप्लाइड केमिस्ट्री आणि फिजिक्स केलंय, मग तुम्ही नवख्या कशा? आमचा कोर्स नवख्यांसाठी आहे. त्याच आठवड्यात दुसरीकडे गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, भारतातलं आम्ही धरत नाही, तुम्ही केमिस्ट्री केलेलीच नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी मोठ्यानं हसले. एकाच आठवड्यात मला केमिस्ट्री येत होती आणि येत नव्हती.

मग मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. कोर्स बाजूला ठेवले आणि मेडिकल कॉलेजं काय मागतात ते बघितलं. एका वहीत (हो, वहीत, एक्सेल दिवसभर ऑफिसात बघते) फिलाडेल्फिया आणि आसपासची कॉलेजं लिहिली. या एका शहरात पाच आहेत, पेन, जेफरसन, टेंपल, ड्रेक्सेल आणि पीकॉम. नदीपलीकडे न्यू जर्सीत कूपर. मग दुसऱ्या राज्यांतली काही. ज्यांची परदेशात डिग्री झालीय त्यांच्याबद्दल प्रत्येकाचा नियम निराळा. कुणी म्हणतं, ठरलेले विषय इथे केले की पुरे. कुणी म्हणतं, इथल्या कॉलेजात निदान एक वर्षाचा अभ्यास हवा, कुणी दोन वर्षांचा म्हणतं. कुणी सरळ म्हणतं, डिग्रीच इथली आणा. आता हिशेब कर. इथे पूर्ण वेळ शिकलं तर वर्षाला तीसएक क्रेडिट होतात. पोस्टबॅकचे सगळे सक्तीचे विषय मिळून होतात पस्तीसच्या आसपास. म्हणजे ब्रिन मॉरचं ते सुंदर, खर्चिक, दमछाक करणारं वर्ष पूर्ण केलं, सगळीकडे ए मिळवला, तरी माझ्या वहीतली कितीतरी दारं बंदच राहणार होती. त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांचा कोर्स ज्यांच्यासाठी बांधलाय त्यांची डिग्री इथली असते.

तेव्हा ठरवलं ते असं. घरापासून पंचवीस मिनिटांवर एक राज्य विद्यापीठ आहे. तिथे मी बायोलॉजीची दुसरी बॅचलर डिग्री म्हणून प्रवेश घेतलाय. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्यांना फी कमी पडते, आणि सेमिस्टरला दोन-तीन विषय घेतले तर नोकरी सांभाळून जमतं. साठ क्रेडिट नक्की होतील, जमलं तर डिग्रीही. बहुतेक वर्ग संध्याकाळी, फक्त ऑरगॅनिकची लॅब मंगळवारी दुपारी. मॅनेजरला सांगून ठेवलंय की पुढच्या वर्षी मंगळवारी दुपारी मी कुठल्याही मीटिंगला नसेन. का, ते सांगितलेलं नाही. त्याला वाटतंय फिजिओथेरपी.

मी काय सोडतेय ते कळतंय मला. बरोबरची मंडळी नाहीत, कमिटीचं पत्र नाही, अडलं तर विचारायला हक्काचा सल्लागार नाही. प्राध्यापकांकडून एकेक पत्र मीच गोळा करायचं. न्यूयॉर्कला कोलंबियाचा कोर्स आहे, 1955 पासूनचा, या प्रकारातला सगळ्यात जुना. तिथल्या नुसत्या नावानं मुलाखतीला बोलावणं येतं म्हणे. हार्वर्ड एक्स्टेन्शनला संध्याकाळचे वर्ग आणि फीही आवाक्यातली, पण बोस्टनला राहायला हवं. पेनचेही संध्याकाळी असतात आणि ट्रेननं जाता येतं, ते मात्र शेवटपर्यंत मनात होतं. फीचा आकडा वाचून अमोल काही बोलला नाही, फक्त फ्रीज उघडून बराच वेळ आत बघत उभा राहिला. कम्युनिटी कॉलेज सगळ्यात स्वस्त, पण सगळे सक्तीचे विषय तिथेच केलेले काही मेडिकल कॉलेजांना खपत नाहीत, तेव्हा तिथे मी फक्त सायकॉलॉजी करणार आहे, उन्हाळ्यात.

पैशाचं तुला सांगायलाच हवं, कारण तू विचारणारच. खाजगी मेडिकल कॉलेजात चार वर्षांचा राहण्या-खाण्यासकट खर्च साडेतीन लाख डॉलरच्या घरात सहज जातो. आजवर सरकारी कर्जातून तो सगळा भागायचा. यंदा जुलैत कायदा बदलला. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते मोकळं कर्ज बंद, आता मेडिकलला वर्षाला 50,000 आणि एकूण 2 लाखांपर्यंतच. वरचं तुमचं तुम्ही बघा, म्हणजे खाजगी बँक. मी तिथे पोचेन तेव्हा हाच नियम असणार असं धरून चाललेय. म्हणूनच आधीच्या तीन वर्षांत कर्जाचा एक डॉलरही नको, नोकरी चालू हवी. कोर्स निवडताना ही गोष्ट प्रतिष्ठेपेक्षा शंभर पटींनी मोठी आहे, आणि प्रतिष्ठेबद्दल लिहिणारे ती एका ओळीत उरकतात.

वर्षं मोज आता. वर्ग 2028 च्या शेवटाला संपतील. 2029 च्या सुरुवातीला एमकॅट, म्हणजे इथली सीईटी, साडेसात तासांची. जूनमध्ये अर्ज. घेतलं कुणी तर ऑगस्ट 2030 मध्ये कॉलेज. 2034 ला डॉक्टर, फॅमिली मेडिसिनची तीन वर्षं धरली तर 2037. पन्नास. इथे लोक लगेच म्हणतात की पन्नाशीची तर तू अशीही होणारच आहेस. मला ते वाक्य अजिबात पटत नाही. पगार मिळवत पन्नाशीचं होणं आणि कर्ज काढून पन्नाशीचं होणं यात फार फरक आहे, तो मुलीच्या कॉलेजच्या फीला विचारावा.

बाय द वे, एमकॅटमध्ये एक विभाग नुसता उतारे वाचायचा आहे, 90 मिनिटांत 53 प्रश्न. फिजिक्स-केमिस्ट्रीची मला भीती नाही, पण मागच्या रविवारी एक उतारा सोडवला, कुठल्याशा चित्रकलेच्या समीक्षेवरचा. सहापैकी तीन चुकले. चौथा ठोकून दिलेला बरोबर आला.

तू विचारलंस, ग्रीन कार्डची इतकी वर्षं वाट बघितली आणि आता हे? अगं, म्हणूनच आता. व्हिसावर असताना बहुतेक मेडिकल कॉलेजं अर्जच घेत नाहीत, सरकारी कर्ज तर नाहीच. आमची प्रायोरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, 2012 ची, कार्ड आलं 2024 ला. ती बारा वर्षं मी हा विचारच डोक्यात येऊ दिला नाही. सीईटीत चार मार्कांनी हुकलेलं मी केव्हाच गिळून टाकलं होतं, तुझ्या मिरजेच्या मेडिकलच्या पहिल्या वर्षाची पत्रं वाचतानाच.

आता एक सांगते, ते अमोललाही अर्धंच सांगितलंय. मार्चपासून दर शनिवारी सकाळी मी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअर म्हणून जाते. मेडिकलच्या अर्जाला पेशंटजवळ घालवलेले तास दाखवावे लागतात. काम म्हणशील तर पाण्याचे जग भरायचे, ब्लँकेटं द्यायची, व्हीलचेअर ढकलायची. जूनमध्ये एक आजी आल्या होत्या, कऱ्हाडकडच्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. नऊवारी नव्हती, पण कुंकू होतं, आणि हॉस्पिटलच्या गाऊनवर स्वतःचा स्वेटर. मुलगा गाडी लावायला गेलेला. डॉक्टरांनी फोनवर दुभाषी घेतला, मराठीचाच, आवाजावरून तरुण मुलगा. आजी म्हणाल्या, "सकाळपासून जीव घाबरा होतोय." त्यानं इंग्रजीत सांगितलं, त्या घाबरल्या आहेत. डॉक्टर हसून आजींच्या हातावर थोपटून म्हणाले, घाबरायचं काही कारण नाही. त्याचंही भाषांतर झालं. आजींनी मान हलवली आणि छातीच्या मधोमध हात ठेवून गप्प बसल्या. आपल्याकडे जीव घाबरा होणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू तर आधी खुर्ची देशील आणि मग ईसीजी काढशील.

व्हॉलंटिअरनं दुभाषाचं काम करायचं नाही असा सक्त नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. मी जग हातात घेऊन उभी. मग बाहेर जाऊन नर्सला म्हटलं, मी मराठी बोलते, भाषांतर करत नाहीये, पण त्यांना नेमकं काय होतंय ते परत एकदा विचारायला सांगा. तिनं माझ्याकडे एक क्षण बघितलं आणि आत गेली. दुसऱ्यांदा विचारल्यावर धडधड, घाम, सगळं निघालं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कळायचा हक्कही नाही. मी पुढच्या खोलीतला जग भरायला गेले.

हे मी अर्जातल्या निबंधात घालणार नाही. 5,300 अक्षरांची मर्यादा आहे, मधल्या मोकळ्या जागा धरून, आणि आजींना त्यात बसवलं की त्या माझ्या जाहिरातीतल्या होतील. तुला म्हणून लिहिलं.

इथल्या मराठी मंडळात ही बातमी फुटली, दिवाळीच्या कार्यक्रमात. तेव्हापासून जो भेटतो तो आनंदीबाई जोशींचं नाव घेतो. गाव तेच ना, फिलाडेल्फिया, 1886 साली एम.डी. झाली ती इथेच. मी हसून घेते. तिनं इथल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं आणि डीन बॉडलीबाईंनी प्रवेश दिला, ऑरगॅनिकचा जीपीए कुणी विचारला नाही. आणि मी सुरू करेन तेव्हा तिच्या दुपटीहून मोठी असेन. ते कॉलेज पुढे ड्रेक्सेलमध्ये गेलं, म्हणून ड्रेक्सेल माझ्या वहीत आहे; एवढी भाबडी मी आहेच. सासूबाईंना पीकॉमचं, म्हणजे इथल्या ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, ऑस्टिओपॅथी म्हणजे हाडवैद्य का? इथे डी.ओ. (ही तिथली पदवी) म्हणजे पूर्ण डॉक्टर, औषधं लिहितात, ऑपरेशनं करतात, रेसिडेन्सी तीच. पण 'हाडवैद्य' आमच्या घरात आता कायमचं झालंय. ईरा शाळेत सांगून आली.

गेल्या आठवड्यात जनरल केमिस्ट्रीच्या एका वर्गात बसू दिलं मला, बघायला म्हणून. शेजारी एकोणीस वर्षांची मुलगी, टेबलावर तीन रंगांचे हायलायटर. फळ्यावर मोलची गणितं. एवढ्यात मला आपल्या सरांचा आवाज ऐकू आला, "मोल म्हणजे डझन गं, फक्त केळ्यांऐवजी अणू." शेजारच्या मुलीला तेच इंग्रजीत सांगितलं. तिनं हिरव्या हायलायटरनं वहीत केळं काढलं.

20 जानेवारीला संध्याकाळी साडेसहाला पहिला वर्ग आहे. पहिल्या सेमिस्टरची फी शुक्रवारी भरली.

तुझ्याकडे दोन कामं आहेत. एक, बारावीची ऑरगॅनिकची तुझी वही, ती रिॲक्शनच्या तक्त्यांची, माळ्यावर असेल तर फोटो काढून पाठव. पुस्तकं आहेत गं इथे, पण तुझं अक्षर हवंय. आणि दुसरं, आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला परत तो 2005 चा जून आठवेल. डिसेंबरात येतेय तेव्हा समोर बसून सांगेन. तोवर गावभागात भेटली आणि तिनं विचारलं की ही शनिवारी सकाळी फोन का उचलत नाही, तर सांग की पोहायला शिकतेय.

तुझी,
मुग्धा